रिपोर्टमध्ये व्हायरस आहे, मग दिव्यांग सर्टिफिकेट का मिळत नाही?

पुण्यात राहणाऱ्याला आता व्हायरसची नावं वेगळी सांगावी लागत नाहीत. कोविड झाला, मग २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून झिकाच्या बातम्या सुरू झाल्या आणि त्याच्याच जोडीला चिकुनगुन्याने घरंच्या घरं आडवी केली, आणि एनआयव्ही म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था आपल्याच गावात असल्यामुळे "सॅम्पल एनआयव्हीला पाठवलंय" हे वाक्य तर इथे चहाच्या टपरीवर पण ऐकू येतं. पण ताप उतरल्यावर पुढे काय, यावर कोणी फारसं बोलत नाही. वर्ष उलटलं तरी सकाळी मूठ मिटत नाही, उभं राहून काम होत नाही, भोसरी-चाकणच्या कारखान्यात लाइनला उभं राहणं जमत नाही म्हणून नोकरी गेली, आणि मग माणूस विचारायला लागतो की मला अपंगाचं सर्टिफिकेट मिळेल का. हाच प्रश्न एचआयव्ही असलेल्यांचा, हेपॅटायटिस बी असलेल्यांचा, कोविडनंतर कायमचा थकवा राहिलेल्यांचा.

याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही, पण समजायला ते अवघडही नाहीये. सरकारी मदतीच्या याद्या वेगवेगळ्या आहेत, प्रत्येक यादीचा नियम वेगळा आहे, आणि आजारी माणसं बहुतेक वेळा चुकीच्या यादीसाठी महिनोन्महिने खेटे घालतात. आधीच अंगात त्राण नसलेल्या माणसाला हे करावं लागतं याचा मला खरंच त्रास होतो, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहायचं ठरवलं.

सर्टिफिकेट आजाराचं नसतं, नुकसानीचं असतं

नदीला पूर येऊन गेला की तलाठी पंचनाम्याला येतो ना, तो पाऊस किती मिलिमीटर पडला आणि धरणातून किती क्युसेक सोडलं हे तुमच्या कागदावर लिहीत नाही, भिंत किती पडली, धान्य किती भिजलं, ते लिहितो. दिव्यांग सर्टिफिकेटचं अगदी तसंच आहे. मेडिकल बोर्ड तुमच्या रक्तात कुठला व्हायरस आहे हे मोजत नाही, त्या व्हायरसने शरीराचं कुठलं काम कायमचं किती बिघडवलं ते टक्केवारीत मोजतं.

पोलिओ बघा. पोलिओ पण व्हायरसच. लहानपणी झालेला पोलिओचा व्हायरस शरीरातून कधीच गेलेला असतो, पण पाय बारीक राहिलेला असतो, आणि सर्टिफिकेट त्या पायाचं मिळतं. उलट एखाद्याच्या रक्तात हेपॅटायटिस बी चा व्हायरस वीस वर्षं आहे पण हात, पाय, डोळे, कान ठीक आहेत, त्याला सर्टिफिकेट मिळत नाही. पहिल्यांदा ऐकलं की हे उफराटं वाटतं, पण कायद्याची रचनाच तशी आहे.

कायदा म्हणजे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात फक्त ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. अंधत्व, अंशतः दृष्टी, बहिरेपण, हातापायाचं अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, मानसिक आजार, ऑटिझम, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन वगैरे. यात एचआयव्ही नाही, हेपॅटायटिस नाही, चिकुनगुन्या नाही, लाँग कोविड म्हणजे कोविडनंतर महिनोन्महिने राहणारा त्रास तोही नाही. आणि ज्याची कोणी कल्पनाच करत नाही ते म्हणजे लिव्हर, किडनी, फुप्फुस, हृदय यांच्यासाठी या २१ मध्ये स्वतंत्र प्रकारच नाहीये. म्हणजे कोविडने फुप्फुस कडक झालं आणि जिना चढवत नाही, तरी त्याला बसवायला रकानाच नाही. ही कायद्यातली मोठी त्रुटी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. केंद्र सरकारला यादीत नवीन प्रकार घालायचा अधिकार त्याच कायद्याने दिलेला आहे, तेव्हा मागणी करायला जागा आहे.

दुसरा आकडा ४० टक्के. सर्टिफिकेट ४० च्या खालचं पण मिळतं, पण नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा, पेन्शन, इन्कम टॅक्समधली सूट हे सगळं ४० आणि त्याच्या वर सुरू होतं. यूडीआयडी म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र, त्याचे रंग सुद्धा आता यावरूनच आहेत, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं.

मग व्हायरसवाल्याला कधीच मिळत नाही का?

मिळतं की. व्हायरसने जे मागे ठेवलं ते २१ पैकी एकात बसलं पाहिजे, आणि ते टिकाऊ पाहिजे.

एचआयव्ही घ्या. आज एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या वेळेवर घेणारा माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करतो, त्याला कसलंच अपंगत्व नसतं, आणि फक्त पॉझिटिव्ह आहे म्हणून त्याला कोणी अपंग म्हणूही नये. पण उशिरा निदान झालेल्यांमध्ये सीएमव्ही नावाच्या दुसऱ्या व्हायरसने डोळ्याचा पडदा जातो, मणक्याचा टीबी होऊन पाय लुळे पडतात, पॅरालिसिसचा झटका येतो. यात पहिल्याला दृष्टीच्या प्रकारात आणि बाकी दोघांना हातापायाच्या प्रकारात सर्टिफिकेट मिळू शकतं. फॉर्म भरताना "एचआयव्ही" या शब्दापाशी अडकून पडायचं नाही, कुठला अवयव काम करत नाहीये ते पुढे करायचं.

गरोदरपणात आईला रुबेला झाला आणि बाळाला जन्मतः ऐकू येत नाही, मोतीबिंदू आहे, तर ते बाळ एकापेक्षा जास्त अपंगत्वाच्या प्रकारात येतं. गालगुंडाने मात्र बहुतेक वेळा एकच कान जातो, आणि कायदा दोन्ही कानांचं बघतो, दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या पुढे नुकसान असेल तर कमी ऐकू येणारा आणि ७० डेसिबलला बहिरा. एक कान ठार गेला आणि दुसरा शाबूत असेल तर त्या प्रकारात बसत नाही, मग तो माणूस ट्रॅफिकमध्ये कितीही गोंधळत असला तरी.

हेपॅटायटिस सी वर तर आता साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण पूर्ण बरे होतात, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. बी चा व्हायरस गोळीने दबून राहतो, जात नाही. पण तो लिव्हरमध्ये असतो आणि लिव्हरला यादीत जागा नाही, हे वर आलंच.

आता चिकुनगुन्या, कारण पुण्यात सगळ्यात जास्त माणसं यातलीच. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत सुटतात, पण काहींचे वर्ष-दोन वर्षं धरून राहतात आणि काहींमध्ये तो आमवातासारखा सांध्यांच्या सुजेचा आजार होऊन बसतो. बोर्डात काय होतं की डॉक्टर सांधा किती अंश वळतो ते मोजतात, ताकद बघतात, बटण लावणं, लिहिणं, मांडी घालणं अशी कामं जमतात का ते बघतात. नुसत्या दुखण्यावर ४० टक्के होत नाहीत. आणि चिकुनगुन्याचा सांधा पहाटे दगडासारखा असतो, दुपारपर्यंत बराच सुटतो, बोर्डापुढे नंबर लागेपर्यंत बारा वाजलेले असतात, तेव्हा मूठ मिटते आणि डॉक्टर "बरी आहे की हालचाल" म्हणतात. यात डॉक्टर खोटं बोलत नाहीत आणि तुम्ही पण बोलत नाही. म्हणून एका दिवसाच्या तपासणीवर सोडायचं नाही. संधिवाताच्या डॉक्टरांकडे सहा-आठ महिने नियमित जा, प्रत्येक वेळी सकाळचा कडकपणा किती वेळ राहतो आणि कुठलं काम अडतं हे केस पेपरवर लिहून घ्या. पोळी लाटता येत नाही, गाडीचा क्लच दाबता येत नाही, शिलाई मशीनवर कापड धरता येत नाही, असं साधं लिहून घेतलं तरी चालतं. "पॉलिआर्थ्राल्जिया" (अनेक सांधे दुखतात) एवढंच लिहिलं तर त्यातून कुणाला काहीच कळत नाही.

आणि उपचार पूर्ण न करता कायमचं सर्टिफिकेट मागितलं तर बहुधा नाहीच मिळणार, कारण सुधारणा होऊ शकते असं वाटलं तर बोर्ड ठरावीक मुदतीचं देतं. मुदतीचं मिळालं म्हणून नाराज होऊ नका, तेवढ्या मुदतीत ते पण खरं सर्टिफिकेटच आहे. जीबीएस म्हणजे गुलियन-बॅरे, नसांवर परिणाम होऊन हातापायाची ताकद जाण्याचा आजार, त्यात पण हेच होतं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जे रुग्ण निघाले (तिथे मुख्य संशय जिवाणूवर होता, पण जीबीएस व्हायरसच्या तापानंतरही होतो), त्यात हातापायाची ताकद हळूहळू परत येणारे खूप असतात, म्हणून बोर्ड थांबून बघतं.

पण थकव्याचं काय? मला तर उठवतच नाही

इथे माझ्याकडे चांगलं उत्तर नाहीये. कोविडनंतर किंवा दुसऱ्या एखाद्या व्हायरसनंतर येणारा तो थकवा, ज्यात अंघोळ करून माणूस परत झोपतो आणि आज थोडं जास्त काम केलं की पुढचे दोन दिवस जातात, त्याला मोजायची पट्टी आपल्या नियमावलीत नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, ऑफिसवाले म्हणतात आळस. तो आळस नाही. ते खरं दुखणं आहे आणि कायद्यात जागा नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

याच्या जोडीला डिप्रेशन आलं असेल, आणि ते खूप जणांना येतं, तर मानसिक आजार हा २१ पैकी एक प्रकार आहे. त्यात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींवर गुण देतात आणि आजार किती वर्षं आहे ते धरतात. पण सायकियाट्रिस्टकडे खरोखर उपचार चालू असले तरच या बाजूने जा, थकव्याला डिप्रेशनचं नाव देऊन कागद काढायला जाऊ नका, त्याने मूळ दुखणं बाजूला पडतं.

अमेरिकेत तर मिळतं म्हणे

घरोघरी कोणीतरी तिकडे आहे, त्यामुळे तिकडच्या लिंक येत राहतात. तिकडे खरंच वेगळं आहे. तिथल्या सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शन आणि अपंगत्वाची मदत देणारं खातं) मुख्य प्रश्न असा असतो की आजारामुळे तुम्ही किमान १२ महिने कमाईचं काम करू शकत नाही का. त्यांच्या आजारांच्या यादीत एचआयव्ही आहे, लिव्हरचा जुनाट आजार आहे, दीर्घ थकव्याच्या आजाराची केस कशी तपासायची याचा नियम त्यांनी २०१४ मध्ये काढला, आणि २०२१ मध्ये लाँग कोविड हे अपंगत्व ठरू शकतं असं तिथल्या सरकारने सांगितलं. म्हणजे ते काम करायची क्षमता मोजतात, आपण अवयवाचं नुकसान मोजतो. त्यामुळे तिकडचा लेख प्रिंट काढून इथल्या बोर्डापुढे ठेवला तर काही उपयोग नाही.

सर्टिफिकेट नाही, तरी मदत आहे

हा भाग नीट वाचा, कारण लोक इथेच पैसे सोडून देतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांची वेगळी ओळ आहे आणि दुर्धर आजारांची वेगळी. दुर्धर आजारात टीबी, कॅन्सर, कुष्ठरोग, पक्षाघात यांच्या सोबत एड्स आणि एचआयव्ही पॉझिटिव्ह असं नावानिशी आहे. म्हणजे एचआयव्हीमुळे स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसेल तर दिव्यांग सर्टिफिकेट नसतानाही अर्ज करता येतो, सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो आणि अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. महिना १,५०० रुपये, दिव्यांगांना २०२५ मध्ये वाढवून २,५०० केले. वय १८ ते ६५, राज्यात १५ वर्षं वास्तव्य. अडतं ते उत्पन्नावर. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे, दिव्यांगांना ५०,००० च्या आत. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. पुण्यात एवढ्यात एका खोलीचं भाडं पण येत नाही, ही मर्यादा इतकी वर्षं अशीच ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

कंपनीत पगार २१,००० पर्यंत आणि ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे पैसे कापले जात असतील तर तुमचं पहिलं काम ईएसआयसीच्या डॉक्टरांकडे जाणं, दिव्यांग बोर्ड नंतर. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो. पण ३४ दीर्घ आजारांची त्यांची स्वतःची यादी आहे, तिच्यात एड्स आहे आणि लिव्हरचा जुनाट आजार पण आहे, त्यात २ वर्षांपर्यंत ८० टक्के पगार मिळू शकतो. अट अशी की सलग २ वर्षं नोकरी आणि आधीच्या चार काँट्रिब्युशन पिरियडमध्ये (एक पिरियड सहा महिन्यांचा) किमान १५६ दिवसांचं काँट्रिब्युशन. बिबवेवाडी आणि चिंचवडला त्यांची हॉस्पिटलं आहेत. म्हणूनच आजारी पडल्या पडल्या कंटाळून राजीनामा देऊ नका! राजीनामा दिला, काँट्रिब्युशन तुटलं, की हे सगळं हातातून जातं आणि एचआर हे तुम्हाला सांगेलच असं नाही.

टॅक्स भरणाऱ्यांसाठी १९६१ च्या कायद्यातलं कलम ८०यू म्हणजे दिव्यांग सर्टिफिकेटवर ७५,००० ची वजावट, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००. पण ८०डीडीबी हे कलम आजाराच्या खर्चावर आहे, त्याच्या यादीत पूर्ण विकसित एड्स आहे, तिथे दिव्यांग सर्टिफिकेट लागत नाही, स्पेशालिस्टचा दाखला लागतो. दोन्ही फक्त जुन्या कर पद्धतीत. रेल्वेतही एड्सच्या रुग्णाला उपचाराला जाण्यासाठी सेकंड क्लासमध्ये ५० टक्के सवलत आहे.

टक्के ४० च्या खाली आले, मग सगळं संपलं का?

नाही. कायद्यात दोन पातळ्या आहेत. ४० टक्केवाला एक, आणि दुसरी त्याहून मोठी, ज्यात दीर्घकाळच्या कमतरतेमुळे ज्याला इतरांसारखा सहभाग घेता येत नाही असा कोणीही येतो, तिथे टक्केवारीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात हेच सांगितलं. त्या मुलाला लिहिताना हात आखडायचा, टक्केवारी ४० च्या कितीतरी खाली होती, तरी त्याला परीक्षेला लेखनिक मिळण्याचा हक्क आहे असं कोर्टाने म्हटलं. म्हणजे आरक्षण आणि पेन्शन नाही मिळणार, पण बसायला स्टूल, शिफ्ट बदलून, परीक्षेला जादा वेळ अशी सोय मागता येते. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, पगार तोच ठेवून दुसरं काम द्यावं लागतं, ते कलम २०.

नाव बाहेर फुटेल ही भीती

ही भीती खरी आहे, आणि तिच्यापायी कितीतरी जण अर्जच करत नाहीत. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात संमतीशिवाय टेस्ट नाही, संमतीशिवाय माहिती फोडायची नाही, नोकरीत भेदभाव नाही, आणि १०० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार अधिकारी नेमायचा. पण दिव्यांग सर्टिफिकेटवर निदान लिहायची जागा असते, म्हणून बोर्डातल्या डॉक्टरांना आधीच शांतपणे विनंती करा की अपंगत्वाचं निदान लिहा, म्हणजे दृष्टिपटल खराब, दोन्ही पायांत कमजोरी असं, मूळ व्हायरसचं नाव नको. बँकेत, कॉलेजात, ऑफिसात हाच कागद फिरतो.

आणि प्रत्यक्ष बोर्डापुढे

अर्ज यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन, १ जून २०२१ पासून सर्टिफिकेट ऑनलाइनच निघतं. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम ही तपासणीच्या हॉस्पिटलांमधली माहितीची नावं. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगळ्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. सोबत असं माणूस न्या जे तुम्हाला रोज बघतं, कारण आपण परक्यापुढे "जमतं हो" म्हणून मोकळे होतो, बायको किंवा आई खरं सांगते. जे जमतं ते जमतं म्हणा, जे जमत नाही ते मात्र लपवू नका.

२०२४ मध्ये पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या सर्टिफिकेटवरून देशभर गाजलेल्या प्रकरणानंतर पडताळणी कडक झालीये, आणि खोटेपणाने लाभ घेतला तर कलम ९१ मध्ये २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एजंट "४५ करून देतो" म्हणाला तर तिथून उठून या, शिक्षा तुम्हाला होईल, त्याला शोधायला पण कोणी जाणार नाही.

अर्ज नाकारला किंवा टक्के कमी वाटले तर कलम ५९ खाली अपील करता येतं, त्यासाठी नकाराचं कारण लेखी मागून घ्या, तोंडी "नाही बसत" ऐकून परत येऊ नका. आणि हक्क डावलला गेला, म्हणजे सोय मागूनही दिली नाही, नोकरीत त्रास दिला, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबतीत दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत, आणि पूर्ण महाराष्ट्राचं ते आयुक्तालय पुण्यातच आहे, त्यामुळे निदान आपल्याला तरी त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.